रक्तवाहिनी म्हणजे पाइप नव्हे, अण्णा

रश्मीचा फोन आला तेव्हा बंगळुरात येलहंक्याच्या माझ्या घरी मी नुकताच तव्यावर दोसा घातला होता. रश्मी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची, एकुलती एक मुलगी. के. आर. पुरमला राहते, आणि सकाळी त्या वेळी तिची ऑफिसला निघायची धांदल असते, त्यामुळे ती कधीच फोन करत नाही. "आत्या, अप्पा गेले. फिरून आले, बूट काढायला बसले, आणि..." ती रडायला लागली. मी गॅस बंद केला. माझ्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडला तो म्हणजे "मूर्ख". रश्मीला वाटलं, मी तिलाच म्हणाले, आणि ती आणखी रडायला लागली. मी तिला नव्हते म्हणाले. ज्याला म्हणाले होते त्याला ऐकू जाण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो जिवंत असतानाही त्याला माझं कधी ऐकू गेलं नाही.

अण्णाच्या मल्लेश्वरमच्या घरी पोचले तोवर बाहेर बरीच माणसं जमली होती. आमची मंडळी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेली मराठी मंडळी. घरात मराठी बोलतो, पण मध्ये मध्ये कानडी पेरल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि कुणी गेलं की रडणंही निम्मं कानडीतूनच होतं. त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, एवढ्या नियमाच्या माणसाला हार्ट अटॅक कसा आला? एक काका म्हणाले, तूप तर त्याने कधीच सोडलं होतं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, लोणच्याला हात लावत नव्हते हो. आणखी कुणी पापडाचं नाव काढलं, कुणी कधीच न ओढलेल्या सिगरेटचं, कुणी रोजच्या चालण्याचं. अण्णाने आयुष्यात काय काय खाल्लं नाही याची प्रत्येकाला खडान्‌खडा माहिती होती. पण गेली कित्येक वर्षं हा माणूस आतून खचलेला होता, हे त्या एवढ्या गर्दीत एकानेही म्हटलं नाही. मी म्हणणार होते. मग वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. तेव्हा गिळलं ते आता लिहिते आहे.

अण्णा पाणीपुरवठा खात्यात इंजिनीअर होता. बंगळूर हे उंचावर वसलेलं गाव आणि कावेरी वाहते खाली, लांबवर. तिचं पाणी पंपांनी ढकलत ढकलत वर चढवायचं आणि मग गल्लीगल्लीत वाटायचं, हा अण्णाच्या लेखी जगातला सगळ्यात मोठा पराक्रम होता. रस्त्यावरून माझ्याबरोबर चालताना तो दुकानं बघायचा नाही, माणसं बघायचा नाही. "इथून खालून जुनी लाइन जाते, शांते. बिडाची. अजून ठणठणीत आहे," असं सांगायचा. लग्नाला गेला तर नवरानवरीच्या आधी कार्यालयाची टाकी बघून यायचा. कुणाच्या घरी नळ ठिबकत असला की गप्पांत त्याचं लक्ष लागायचं नाही, शेवटी उठून तो स्वतः बंद करून यायचा. एकदा माझ्या सासरी माझ्या सासूबाईंना त्याने भांडी घासताना नळ मोठा सोडल्याबद्दल सुनावलं होतं. माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. त्यानंतर सासूबाईंना कसं तोंड दिलं ते माझं मला ठाऊक.

पण ज्या कामावर त्याचा एवढा जीव, त्याच कामाने त्याला पिळून काढलं. उन्हाळा आला की घरचा फोन वाजायला लागायचा तो थांबायचाच नाही. आमच्याकडे तीन दिवस पाणी नाही, त्यांच्याकडे येतं मग आमच्याकडे का नाही, तुम्ही पैसे खाता, तुम्हाला बघून घेऊ. वरून साहेबांचे फोन, पुढाऱ्यांचे फोन, आणि खालून वॉल्व्ह उघडणाऱ्या माणसांच्या तक्रारी, की लोक आम्हाला रस्त्यात घेरतात. अण्णा कुणावर आवाज चढवत नसे. "नोडोणा, सार... माडोणा," म्हणजे बघू या, करू या, असं शांतपणे म्हणायचा आणि फोन ठेवायचा. ठेवल्यावर मात्र त्याचा जबडा असा आवळलेला असायचा की समोर ठेवलेला घास तो नुसता घोळवत बसायचा. वहिनी म्हणायच्या, किती शांत आहेत हे. मला त्या शांतपणाचा संताप यायचा. मी त्याला सांगायची, अरे एकदा तरी ओरड, फोन आपट, शिवी दे. तर म्हणायचा, "तुझं नाव शांता कुणी ठेवलं गं?" आणि विषय संपायचा.

त्या वर्षांमध्येच त्याचं ब्लडप्रेशर वाढलं. आता इथे मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी नर्सिंग कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. हृदय, फुप्फुसं, रक्तवाहिन्या हे माझं रोजचं काम. कितीतरी मुलींना मी रक्तदाब मोजायला शिकवलं, त्या मुली आज मोठमोठ्या इस्पितळांत काम करतात आणि माझं ऐकतात. माझा सख्खा भाऊ ऐकत नव्हता. ब्लडप्रेशर म्हटल्यावर अण्णाच्या डोळ्यांत एक चमक आली, कारण प्रेशर हा त्याचा प्रांत. त्याने ताबडतोब शरीर आपल्या ताब्यात घेतलं. हृदय म्हणजे पंप, रक्तवाहिन्या म्हणजे पाइप, आणि पाइप खराब होतो तो त्यात जे घालता त्याने. गाळ जाऊ दिला नाही की पाइप तुंबत नाही. त्यामुळे मीठ बंद, तूप बंद, तळण बंद, आणि सकाळी उठून चालणं सुरू. एवढं सगळं त्याने कडक पाळलं, आणि त्याबद्दल मी कधीच तक्रार केली नाही. ते बरोबरच होतं. माझी तक्रार एवढीच होती की ते अर्धंच होतं.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर मी त्याला रीतसर शिकवायला बसले. म्हटलं, अण्णा, तुझा पाइप बिडाचा असतो, तो मेलेला असतो. रक्तवाहिनी जिवंत असते. तिच्या आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं, साध्या डोळ्यांना दिसणारही नाही इतकं पातळ, आणि सगळं काम ते अस्तर करतं. रक्त जास्त हवं असलं की ते वाहिनीला सैल सोडतं, नको असलं की आवळू देतं. रक्त आतल्या आत चिकटू नये, गोठू नये, हेही तेच बघतं. माणूस घाबरला, चिडला, दबला की अंगात जी रसायनं सुटतात ती पहिल्यांदा वाहिन्या आवळतात. एखादा दिवस झालं तर काही बिघडत नाही, संकट टळलं की सगळं पूर्ववत होतं. पण रोजच संकट असेल तर? वर्षानुवर्षं फोन वाजतोच आहे, जबडा आवळलेलाच आहे, तर ते अस्तर सैल सोडायचं विसरायला लागतं. त्याला आतून सूज येते, ते खरखरीत होतं, आणि मग थोडीशी चरबीही तिथे सहज चिकटते. तू गाळ बंद केलास, पण भिंत सोलवटून निघते आहे त्याचं काय?

अण्णाने सगळं ऐकून घेतलं. ताटातली कोशिंबीर संपवली. मग म्हणाला, "शांते, पाइपला मन नसतं."

मी म्हटलं, "पाइपला नसतं. तुला आहे."

तो हसला, हात धुवायला गेला, आणि जाताना नळ नीट बंद झाला की नाही ते दोनदा बघून आला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात वाया गेलेलं लेक्चर.

मग तो निवृत्त झाला. आम्ही सगळे म्हणालो, सुटला एकदाचा. पहिला उन्हाळा आला आणि घरचा फोन वाजला नाही. एकदाही नाही. ज्या फोनने त्याला इतकी वर्षं छळलं तो गप्प झाला आणि अण्णा त्याच्या गप्प होण्याने मोडला. असं होतं हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण आपल्या घरात होताना बघणं वेगळं असतं. आधी त्याने पेपर वाचणं सोडलं, मग जुन्या सहकाऱ्यांना भेटणं सोडलं. वहिनींनी केलेली चटणी तो आवडीने मागून घ्यायचा, आता वाढलेलं निमूट खायला लागला. रश्मीला बढती मिळाली तर "छान, सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला. पहाटे जाग यायची आणि मग तो छताकडे बघत पडून राहायचा. चालणं मात्र एक दिवस चुकवलं नाही, आणि त्यामुळे सगळ्यांची खात्री पटली की तो ठीक आहे.

मी म्हणायला लागले की याला डिप्रेशन आहे, तर सगळे माझ्यावरच उलटले. वय झालं, म्हणाले. निवृत्त माणूस असाच असतो, म्हणाले. एका मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असं काही बोलू नकोस, रश्मीच्या सासरी कळलं तर बरं दिसत नाही. या वाक्याचा मला आजही राग येतो. आमच्यात गुडघ्याचं दुखणं चारचौघांत सांगता येतं, पित्ताचं सांगता येतं, मूळव्याधीचंसुद्धा लग्नाच्या पंगतीत सविस्तर सांगणारे आहेत. पण मला कशात गोडी वाटत नाही, असं म्हणायची सोय नाही. कुणी कुणाला विचारतच नाही. भेटलं की "ऊटा आय्ता?" जेवण झालं का, एवढं विचारायचं, झालं म्हटलं की चौकशी संपली. अण्णा वेळेवर जेवत होता, त्यामुळे त्याचं सगळं उत्तम चाललं होतं.

अशी दोनेक वर्षं गेली आणि पहिला अटॅक आला. वेळेत इस्पितळात पोचला, अँजिओप्लास्टी झाली, रक्तवाहिनीत स्टेंटची जाळी बसवली. वॉर्डात आणल्यावर आमच्या साहेबांची जी काय कळी खुलली म्हणता... डॉक्टरबाईंना विचारतो, जाळी कसल्या धातूची, तिचा व्यास किती, गंजते का. कित्येक महिन्यांत मी त्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. मला म्हणाला, बघ, आतून नवीन लाइनिंग टाकलं, आता काळजी नाही. डॉक्टरबाई आमच्याच वयाच्या, कानडी, कमी बोलणाऱ्या. त्यांनी त्याच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि मग त्याला एकच प्रश्न विचारला की झोप लागते का. "सरी, सरी," अण्णा म्हणाला. त्या तिथेच थांबल्या नाहीत. सकाळी उठल्यावर दिवसाकडे बघून काय वाटतं, असं त्यांनी विचारलं. अण्णा खिडकीकडे बघायला लागला.

बाहेर येऊन त्या मला आणि वहिनींना म्हणाल्या की हृदयाचं मी केलं, पण यांचं मन खूप खाली गेलं आहे, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. अटॅकनंतर मन असं असेल तर पुढचा धोका वाढतो, हे आम्ही नेहमी बघतो. औषधाने मन नक्की सुधारू शकतं. त्याने हृदयाचा पुढचा धोकाही टळेल का, याची गॅरंटी मी देत नाही, कुणीच देत नाही. पण मन बरं नसलेला माणूस स्वतःची काळजी तरी कशाच्या जोरावर घेणार? मला त्यांचं एकेक वाक्य पटलं. अण्णाला नेमकं "गॅरंटी नाही" एवढंच ऐकू आलं. घरी आल्यावर ते त्याने पुन्हा पुन्हा तोंडावर फेकलं. गॅरंटी नसलेलं काम खात्यात कुणी पास करत नाही, म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या स्टेंटला तरी लेखी गॅरंटी दिली आहे का कुणी? यावर त्याने मला चहा करायला सांगितलं.

शेवटी मी त्याला अक्षरशः रिक्षात कोंबून नेला. वाटेत तो म्हणत होता की कुणी ओळखीचं भेटलं तर सांग आपण तुझ्यासाठी आलोय. मी म्हटलं, खुशाल सांग, तुझ्यासारखा भाऊ असल्यावर मला लागणारच आहे उपचार. रिक्षावाला आरशातून हसला. तिथले डॉक्टर तरुण होते, चांगले होते, त्यांनी अण्णाला त्याच्या कामाबद्दल विचारलं, आणि अण्णा कावेरीबद्दल बोलता बोलता एकदम रडायला लागला. मी त्याला आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. गोळी सुरू झाली. पहिले काही आठवडे काहीच फरक नाही, पोट मात्र बिघडलं, आणि त्याने मला फोनवर रोज तेवढंच ऐकवलं.

आणि मग एक दिवस वहिनींचा फोन आला. "वन्सं, आज ह्यांनी चटणी मागितली." मी इथे येलहंक्याला स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिले. हळूहळू माझा भाऊ परत आला. पेपर वाचून सरकारला नावं ठेवायला लागला. रश्मीच्या कॉफीला पाणचट म्हणाला, आणि रश्मी भांडायच्या ऐवजी खूश झाली. युगादीला, म्हणजे गुढीपाडव्याला, त्याने आम्हा सगळ्यांना दोसा खायला मल्लेश्वरमच्या एका हॉटेलात नेलं, आणि तिथे पोऱ्याने न विचारता पाण्याचे सगळे पेले भरले म्हणून मालकाला बोलावून कावेरीचं पाणी किती उंच चढून येतं यावर भाषण दिलं. आम्ही लाजेने माना खाली घातल्या होत्या, पण मी त्या दिवशी इतकी सुखात होते की काय सांगू. वाटलं, जमलं. या हट्टी माणसाला मी ओढून काठावर आणलं.

त्याच माणसाने गणपतीत, नैवेद्याचं ताट समोर असताना, मला सहज सांगितलं की ती मनाची गोळी आता मी बंद केली. हृदयाच्या सगळ्या चालू होत्या, वेळेवर, डबीत वार लावून. फक्त ही बंद. डॉक्टरांना विचारलंस? नाही. का बंद केलीस? तर म्हणे, "दुरुस्ती झाली ना आता. लाइन दुरुस्त झाली की खड्डा बुजवायचा आणि माणसं काढून घ्यायची. पाणी वाहायला लागल्यावर खड्डा उघडा ठेवून कोण बसतं?" आता या माणसाला काय म्हणायचं? कोणत्याही साध्या माणसाने आळसाने गोळी सोडली असती, विसरून सोडली असती. माझ्या भावाने इंजिनीअरिंगच्या तत्त्वाने सोडली. मी ताटावरून उठले, सगळ्यांसमोर भांडले, मोदक गार झाले. म्हटलं, ही लाइन नाही रे, तू बरा झालास तो त्या गोळीवर झालास, ती कधी आणि कशी कमी करायची ते डॉक्टर ठरवतील. तो म्हणाला, "बिडु, शांते, सोड ना. सणाचं कशाला." मी वहिनींकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या खाली बघून वरण वाढत राहिल्या.

पुढे काय झालं ते कुणालाही सांगता येईल. दसऱ्यापर्यंत तो बरा राहिला आणि म्हणून आपलं खरं आहे अशी त्याची खात्री झाली. दिवाळीनंतर पुन्हा उतरायला लागला. आणि उतरतोय हे कळल्यावर त्याने काय करावं? आधीच अळणी असलेल्या जेवणातून उरलंसुरलं तेल काढायला लावलं आणि चालणं वाढवलं. मी डॉक्टरांची वेळ घेतली तर त्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. दुसऱ्यांदा घेतली तर कुणाच्या तरी मुंजीला जायचं निघालं. मी चिडून, समजावून, रश्मीकडून सांगवून, सगळं करून बघितलं. हात धरून नेण्याइतका तो लहान नव्हता आणि ऐकण्याइतका मोठाही नव्हता.

शेवटचं भेटले ती दुपारची वेळ. मी मागच्या दाराने आत गेले तर अण्णा मागच्या पायरीवर बसलेला, आणि समोर नळाखाली बादली भरून वाहत होती. पाणी अंगणभर पसरलं होतं, त्याच्या चपलेखालून जात होतं. आणि तो बघत बसला होता. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींना घाबरले, पण त्या वाहत्या बादलीइतकी कशालाच नाही. मी जाऊन नळ बंद केला आणि त्याच्या शेजारी पायरीवर टेकले. मी काही बोलायच्या आत तोच बोलला. "शांते, सगळं चालू आहे बघ. पंप चालू आहे, लाइन ठीक आहे, गळती कुठे नाही... पण पाणी वर चढत नाही गं." मी त्याचा हात धरला. म्हटलं, उद्या जाऊ, मी इथेच राहते, सकाळी मिळून जाऊ. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. नक्की? नक्की. पुढचा आठवडा यायच्या आधी रश्मीचा फोन आला.

तेरावं झाल्यावर मी त्या हृदयाच्या डॉक्टरबाईंना भेटायला गेले. मला एकच विचारायचं होतं. गोळी चालू असती तर तो वाचला असता का? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, सांगता येणार नाही. त्यांच्या वाहिन्या वर्षानुवर्षं सोसत आलेल्या होत्या, कदाचित तरीही हेच झालं असतं. पण शेवटचे महिने तरी त्यांना चांगले गेले असते, एवढं मी म्हणू शकते. मला हे उत्तर नको होतं. मला कुणीतरी छातीठोक "हो" म्हणायला हवं होतं, म्हणजे मला अण्णावर मनसोक्त चिडता आलं असतं, किंवा "नाही" म्हणायला हवं होतं, म्हणजे चिडणं थांबवता आलं असतं. आता मी अधेमधे लटकले आहे. तो आठवतो आणि डोळे भरतात, आणि ते भरायच्या आत मला त्याच्याशी भांडायचं असतं.

गेल्या आठवड्यात अण्णाचे कपडे कुणाला तरी द्यायचे म्हणून मल्लेश्वरमला गेले. वहिनी म्हणाल्या होत्या, मी कपाट आवरून ठेवते, तुम्ही या. मी खोलीत गेले तर कपाटाचं दार उघडं होतं, शर्ट होते तिथेच टांगलेले होते, आणि वहिनी खिडकीजवळ त्याच्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्याचं उपरणं घडी करायला घेतलं होतं ते मांडीवर अर्धवट पडलेलं. मी आले हे त्यांना कळलं, पण मान वळवायला वेळ लागला. सांत्वनाला येणारे सगळे त्यांना सांगून गेले होते, किती धीराच्या आहात हो तुम्ही. मीही परवापर्यंत तेच म्हणत होते. समोर पलंगावर बसले आणि म्हटलं, वहिनी, जेवणाचं विचारत नाही. झोप लागते का?

"नाही, वन्सं."

"कधीपासून?"

मला वाटलं, म्हणतील, हे गेल्यापासून. त्या म्हणाल्या, "त्याच्या बऱ्याच आधीपासून. हे निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी असेल." हे त्यांनी दूधवाल्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. सकाळी उठावंसं वाटत नाही, देवाचं करावंसं वाटत नाही, छातीत धडधडतं, प्रेशरची गोळी डॉक्टरांनी मागेच वाढवली आहे. मी विचारलं, मग बोलला का नाहीत कधी? "दोघं एकदम आजारी पडून कसं चालेल? म्हटलं, आधी ह्यांचं होऊ दे."

इतकी वर्षं मी या घरात येऊन अण्णाच्या नावाने गळा काढत होते, आणि त्याच टेबलावर मला वाढणारी बाई तेच सोसत होती, आणि आम्हा सगळ्यांत शहाणी म्हणवणारी मी तिला एकदाही हा प्रश्न विचारला नव्हता. अण्णाला तरी मी होते भांडायला. यांच्यासाठी कोण भांडलं? मी पर्समधून फोन काढला आणि त्या तरुण डॉक्टरांच्या दवाखान्यात लावला. पलीकडच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं. सांगायला तोंड उघडलं होतं, पण मग फोन वहिनींच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्ही सांगा.

त्यांनी फोन कानाला लावला. नाव सांगितलं, वय सांगितलं. मुलीने काय त्रास होतो असं विचारलं असावं, कारण वहिनी थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी गप्प राहिले. माझ्यासारखीला ते किती जड गेलं ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. वहिनींनी खुर्चीचा हात घट्ट धरला, आणि हळू आवाजात, कानडीत, पण अगदी स्पष्ट म्हणाल्या, "माझं मन बरं नाही."